नुसता शेक, की सोबत केमोही? घशाच्या कॅन्सरची फाइल हातात आल्यावर

माझ्या मोठ्या मामांना स्वरयंत्रावर गाठ निघाली, तिसरी स्टेज. त्यांच्यासोबत सात आठवडे दादरला राहून आलो, आणि तेव्हापासून कणकवलीच्या आसपास कुणाच्या घरी अशी फाइल आली की फोन मला येतो. प्रश्न बहुतेक एकच असतो: "डॉक्टर म्हणतात शेक आणि केमो एकदम द्यायची. माणूस आधीच वाळून गेलाय. नुसत्या शेकावर भागणार नाही का?" शेक म्हणजे रेडिएशन.

मी डॉक्टर नाही. पण आधी एक विचारतो, गाठ नेमकी कुठे आहे? मिश्री-तंबाखूने होतो तो गालाचा, हिरडीचा कॅन्सर बहुधा आधी ऑपरेशनचा असतो. केमो-रेडिएशन एकत्र द्यायचं का, हे ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरतं. मानेतल्या लसिकाग्रंथीच्या कवचाबाहेर रोग पसरला असेल किंवा कापलेल्या काठावर पेशी राहिल्या असतील, तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. नाहीतर बऱ्याचदा नुसतं रेडिएशन पुरतं. घसा आणि स्वरयंत्राचं गणित वेगळं. तिथे एकत्र उपचार हाच मुख्य उपचार असू शकतो, कारण त्यात आवाज वाचतो. स्वरयंत्रावरची एक मोठी अमेरिकन चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. त्यात दोन वर्षांनी स्वरयंत्र शाबूत राहिलं ते एकत्र उपचारात 88 टक्के, आधी केमो मग रेडिएशन घेतलेल्यांत 75 टक्के आणि नुसत्या रेडिएशनमध्ये 70 टक्के लोकांचं. किती जण जगले, यात मात्र तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. आणि गाठीने कूर्चाच फोडली असेल तर आवाज वाचवण्याच्या मागे न लागता ऑपरेशन बरं, असंही डॉक्टर सांगतात. ते ऐकावं.

डोक्या-मानेचे सगळे कॅन्सर एकत्र धरून पाहिलं, तर रेडिएशनसोबतच केमो दिल्याने पाच वर्षांनी शंभरात साधारण साडेसहा माणसं जास्त जिवंत दिसतात. सिस्प्लॅटिन पेशीच्या डीएनएला चिकटून बसतं, त्यामुळे रेडिएशनने झालेली मोडतोड गाठीला दुरुस्त करता येत नाही. साडेसहा हा आकडा कुणाला मोठा वाटेल, कुणाला किरकोळ. माझ्या मते पन्नाशीतल्या, चालत्या-फिरत्या माणसाने तो सोडू नये. सत्तरीच्या पुढे मात्र हा फायदा जवळपास विरून जातो. तिथे मुलांनी "सगळं करा डॉक्टर" असा हट्ट धरू नये.

किंमत तोंडात मोजावी लागते. मामांना तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, चौथ्यात थुंकी गिळेना. उकड्या तांदळाची पेज, तीही पातळ मलमलीतून गाळून, नाकातल्या नळीतून सिरिंजने हळूहळू सोडायची. एक वाटी संपायला वीस मिनिटं. मीठ घालू की नको, हे मी सवयीने विचारायचो. ते हाताने "काय फरक पडतो" अशी खूण करायचे. नुसत्या रेडिएशनमध्येही तोंड येतं, पण केमोसोबत लवकर आणि जास्त. कोरडं तोंड तर पुढेही बरेच महिने पुरतं.

आता खरा गोंधळ: केमो तीन आठवड्यांनी मोठी, की दर आठवड्याला छोटी? मोठी म्हणजे अंगाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 100 मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन, तीनदा. टाटा मेमोरियलने 2018 साली 300 पेशंटांवरची चाचणी छापली. त्यात आठवड्याला 30 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 58.5 टक्के लोकांत दोन वर्षांनी रोग ताब्यात होता, मोठा डोस घेणाऱ्यांत 73.1 टक्के. पण तीव्र त्रासही मोठ्या डोसमध्येच जास्त झाला. पुढे आठवड्याचा डोस 40 केल्यावर चित्र बदललं. ऑपरेशन झालेल्या पेशंटांवरच्या जपानी चाचणीत, 2022 साली, तो मोठ्या डोसपेक्षा कमी ठरला नाही. म्हणून "आठवड्याची केमो" एवढ्यावर थांबू नका, 30 की 40 ते विचारा. सगळ्या डोसांची बेरीज, त्याच चौरस मीटरच्या मापात, 200 च्या आसपास तरी पोचावी, असं डॉक्टर धरतात.

मामांना पहिला मोठा डोस दिला. चार दिवस उलट्या, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रक्तातला आकडा, 0.9 वरून 1.8. दुसरा डोस पुढे ढकलावा लागला आणि मग आठवड्याचं वेळापत्रक लावलं. मला विचाराल तर ज्याची खोली हॉस्पिटलपासून लांब आहे, सोबतीला एकच माणूस आहे, त्याला 40 चा आठवड्याचा डोस सोसतो. किडनी बिघडायला लागली की पुढच्या रक्ततपासणीतच दिसतं, आणि एखादा डोस चुकला तरी सगळं कोसळत नाही. धडधाकट आणि भरती राहू शकणाऱ्याने मोठा डोस घ्यावा.

किडनी अधू, कान आधीच गेलेले, अशांना सिस्प्लॅटिन नको. त्यांना पूर्वी नुसता शेक द्यायचे. टाटाच्याच 2023 च्या चाचणीत अशा पेशंटांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध दिलं, तर दोन वर्षांनी जिवंत असणारे 41.7 वरून 50.8 टक्क्यांवर गेले. हे नाव डॉक्टरांकडे स्वतःहून काढायला हरकत नाही.

दात आधी दाखवा. किडके काढायचे ते रेडिएशनच्या दोन आठवडे आधी, नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याची भीती. महात्मा फुले योजनेचे कागदही पहिल्याच खेपेला करून टाका.

राहिला प्रश्न कुठे घ्यायचं. सोमवार ते शुक्रवार, 35 वेळा, सात आठवडे. कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस थेट दादरला पोचते, तिथे गाडगे महाराज धर्मशाळा आहे. फोंडा घाट चढून कोल्हापूर, पुढे मिरज हेही पर्याय आहेत. जिथे सात आठवडे सलग टिकाल ते केंद्र चांगलं. एक-एक दिवस लांबला की गाठीला सावरायला वेळ मिळतो, आणि आमचं नेमकं तिथेच चुकलं. "माका गणपतीक घराक जावकच व्हया," मामा हट्ट धरून बसले, आणि मीही फार अडवलं नाही. चार बैठका गेल्या. परत आल्यावर डॉक्टरांनी काही दिवस सहा-सहा तासांच्या अंतराने दोनदा रेडिएशन देऊन भरपाई केली, आणि आधीच सोललेला घसा आणखी सोलला.

गेल्या वर्षी अशीच एक फाइल आली, तारखा बरोबर चतुर्थीवर येत होत्या. मी म्हटलं, सुरुवात पुढे ढकलू नका, गणपती दीड दिवसाचा करा. पूजेला पुतण्या बसला. काकांनी धर्मशाळेच्या गॅलरीतून व्हिडिओ कॉलवर आरती बघितली आणि साडेदहाच्या नंबराला निघाले.