जुना पुएर चहा घरी प्यायचा असेल तर: कच्चा घ्यावा की पक्का?

पुएर हा चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतातला, वर्षानुवर्षे ठेवून मग पिण्यासाठी ओळखला जाणारा चहा आहे. तो विकत घ्यायला निघालेल्या माणसापुढे पहिलाच प्रश्न येतो, की कच्चा घ्यावा की पक्का? चिनी भाषेत कच्च्याला शेंग आणि पक्क्याला शू म्हणतात. आपल्याकडे शेंग म्हटले की तूर नाहीतर भुईमूग डोळ्यांसमोर येतो, म्हणून येथे कच्चा आणि पक्का हेच शब्द ठेवले आहेत. दोन्हींच्या, पान दाबून केलेल्या चकत्या कागदात गुंडाळलेल्या असतात, दोन्हींवर साल छापलेले असते आणि विकणारा दोन्हींना जुना म्हणतो. परंतु जुनेपणाचा अर्थ दोन्हींत वेगळा आहे, आणि विदर्भातल्या गावी राहणाऱ्याने हा फरक पैसे देण्याआधीच समजून घेतलेला बरा, कारण हा चहा जुना व्हायला जी दमट हवा लागते ती आपल्याकडे वर्षातून जेमतेम चार महिने असते.

पान दोन्हींचे एकच. मोठ्या पानाची जी आसामी जात आपल्या रोजच्या कडक चहात असते, त्याच जातीची झाडे युन्नानमध्ये आहेत. तोडलेले पान मोठ्या कढईत परतायचे, मळायचे आणि उन्हात वाळवायचे, इथपर्यंत दोन्ही वाटा एकत्र चालतात. कच्च्या चहासाठी हे वाळलेले पान वाफवून दाबतात. चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम असते आणि अशा सात चकत्या बांबूच्या सालीत एकत्र बांधल्या की सुमारे अडीच किलोचे बोचके होते. (माझ्याकडे पहिली चकती आली तेव्हा शेजारच्या काकांनी ती हातात उलटसुलट करून, सरकीची ढेप इतकी लहान कधीपासून मिळू लागली, असे विचारले होते.) पुढचे काम हवेचे, ओलाव्याचे आणि सूक्ष्मजीवांचे, ते दहा, वीस, तीस वर्षे संथपणे चालते.

इतकी वर्षे थांबण्याची तयारी बाजारात नव्हती. हाँगकाँगच्या चहाघरांतून गडद, मुरलेल्या चहाला मागणी होती, आणि १९७३ च्या सुमारास युन्नानची राजधानी कुनमिंग येथील चहाच्या कारखान्यात मुरवण लवकर घडवून आणण्याची पद्धत बसवण्यात आली. तिच्यातून निघतो तोच पक्का चहा. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग घालून त्यावर पाणी शिंपडतात, तो कापडाने झाकतात आणि आतून तापू लागला की ठराविक दिवसांनी पालटतात. साधारण दीड ते दोन महिन्यांत पान काळपट होते आणि त्याचा कडवटपणा जातो. ज्याने शेतात कंपोस्टचा ढीग पालटला आहे आणि आतून निघणारी वाफ पाहिली आहे, त्याला ही क्रिया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. काम करणारे जीवही त्याच कुळातले. त्यांत काळ्या बुरशीच्या जातीचा वाटा मोठा असतो. तात्पर्य इतकेच, की पक्का चहा कारखान्यातून निघतो तेव्हाच बराचसा मुरलेला असतो आणि नंतरच्या वर्षांत त्याच्या अंगचा ढिगाचा वास तेवढा निघून जातो, तर कच्च्याचे सगळे मुरणे नंतर, जिथे तो ठेवला जाईल तिथे व्हायचे असते.

पेल्यातला फरक पहिल्या घोटालाच कळतो. पक्क्याचा रंग इतका गडद असतो की पेल्याचा तळ दिसत नाही. चव जाड, गुळगुळीत, कडवटपणा जवळजवळ नाही, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा, ओल्या लाकडाचा, क्वचित खजुराचा किंवा काळ्या गुळाचा. ज्यांना दुधासाखरेच्या चहाची सवय आहे आणि कोरा चहा म्हटला की काढा आठवतो, त्यांनाही हा चहा साखरेशिवाय उतरतो, असा माझा अनुभव आहे. मात्र तो फारसा बदलत नाही. पहिला पेला आणि पाचवा पेला यांत फिकेपणाखेरीज सांगण्यासारखा फरक क्वचितच सापडतो.

जुना कच्चा याच्या उलट आहे. कोवळा असताना, म्हणजे पहिल्या काही वर्षांत, त्याचे पाणी हिरवट पिवळे आणि चव कारल्याची आठवण देणारी असते. दहा-पंधरा वर्षांनी ते नारिंगी तांबूस होते, आणि वीस-तीस वर्षे चांगल्या जागी राहिलेला चहा लालसर तपकिरी, तरीही नितळ असतो. त्याच्या वासात कापूर, जुनी लाकडी पेटी, वाळलेली फळे असे काहीतरी एकामागून एक येत जाते. चिनी लोक या चहात ज्या गोष्टीचे सर्वाधिक कौतुक करतात ती घोट गिळल्यानंतर घशात परत येणारी गोडी होय, आणि ती मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येते: आवळा चावून खावा आणि वर पाणी प्यावे, तेव्हा जे होते तेच. ही गोडी पक्क्यात जवळजवळ नसते. पहिल्या पेल्यात दबलेला कडवटपणा चौथ्यात निवतो, सातव्यात नुसती गोडी राहते, आणि हा प्रवास पाहण्याचा ज्याला कंटाळा नाही त्यानेच कच्च्यासाठी जास्त पैसे मोजावेत.

आता आपल्या हवेचा प्रश्न. पुएर ठेवण्यासाठी साधारणपणे २० ते ३० अंश तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानतात. हाँगकाँगच्या दमट गोदामांत हा चहा झपाट्याने मुरतो, कधीकधी कोंदट वासही धरतो. कुनमिंगच्या उंचावरच्या कोरड्या हवेत तोच चहा संथपणे चालतो आणि वीस वर्षांनीही तरुण वाटतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, आणि मग जूनच्या मध्यानंतर तीच हवा एकदम ओलीचिंब होते. म्हणजे कुनमिंगपेक्षाही कोरडे आठ महिने आणि बुरशीची भीती असलेले चार, असे आपले वर्ष आहे.

मी स्वतः या मोहात पडून एक कोवळी कच्ची चकती घरी मुरवायला घेतली होती. पहिले सहा महिने ती स्वयंपाकघराच्या फडताळात राहिली आणि तिने तिखट-हिंगाचा वास असा धरला, की पेल्यात वरणाची फोडणी यावी. तेथून हलवून ती माडीवरच्या खोलीत, टिनाच्या छपराखाली ठेवली. तीन उन्हाळ्यांनंतर पान ठिसूळ झाले, वास उडाला आणि कडवटपणा मात्र होता तसाच राहिला. पान म्हातारे झाले, पण मुरले नाही. त्यामुळे कोवळा कच्चा चहा स्वस्तात घेऊन दहा वर्षांनी जुना म्हणून पिण्याचा बेत आपल्याकडे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना कच्चा हवा असेल तर तो दमट प्रदेशात आधीच मुरलेला घ्यावा आणि दोन-तीन वर्षांत संपेल इतकाच घ्यावा. पक्क्याला ही धास्ती कमी आहे. तो कोरड्या हवेत पुढे सरकत नसला तरी त्याचे फारसे बिघडतही नाही. दोन्ही चहा उन्हाळ्यात घट्ट झाकणाच्या, कोणताही वास नसलेल्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावेत आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून पाहावेत. हिरवी, पिवळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर ती खरवडून चहा वाचवण्याच्या भानगडीत न पडता तो टाकून द्यावा. नव्या पक्क्या चहाला ढिगाचा वास येत असेल तर त्याचे तुकडे करून कोऱ्या, पूर्ण वाळलेल्या मडक्यात काही आठवडे झाकून ठेवणे पुरते; चीनमध्येही यासाठी मातीच्या बरण्या वापरतात.

किमतीत तुलना करताना चकतीची किंमत पाहू नये, एका बैठकीची पाहावी. ७ ग्रॅमचा एक डाव धरला तर ३५७ ग्रॅमच्या चकतीत सुमारे ५१ डाव होतात, आणि एका डावात चांगल्या चहाचे आठ-दहा लहान पेले निघतात. समजा पक्की चकती ३,५०० रुपयांना पडली, तर एक बैठक ७० रुपयांच्या आत बसते आणि तीत तिघे-चौघे पितात. जुन्या कच्च्याला अशी साधी बेरीज लागू पडत नाही, कारण तेथे आपण सालाचे पैसे देतो आणि साल खोटे असू शकते. २००७ मध्ये चीनमध्ये पुएरचे भाव फुगून कोसळले, तेव्हापासून जुन्या वेष्टनाच्या नकलांचा सुळसुळाट सर्वांना ठाऊक आहे. पक्क्या चहालाच जुना कच्चा म्हणून विकण्याची लबाडीही चालते. ती ओळखण्याचा उपाय चहा पिऊन झाल्यावर करायचा: भिजलेले पान बशीत पसरून बोटांनी उघडावे. जुन्या कच्च्याचे पान तपकिरी, पण लवचिक असते आणि उलगडते. पक्क्याचे काळपट पान वळलेलेच राहते किंवा चुरगळते. वेष्टनावर ७५७२ सारखा चार आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे चहा बनवल्याचे वर्ष नसून ते मिश्रण पहिल्यांदा जमवल्याचे वर्ष दाखवतात, तिसरा पानाची प्रत आणि चौथा कारखाना. शेवटचा २ म्हणजे युन्नानमधल्या मंगहाईचा कारखाना. क्रमांक ७५ ने सुरू होतो म्हणून चहा १९७५ चा आहे, असे कोणी सांगत असेल तर तेथून उठावे.

पाण्याकडे दुर्लक्ष केल्यास दोन्ही चहा सारखेच वाया जातात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, भूजल खारट आहे; इतरत्रही बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि अशा पाण्यात चहावर साय धरते, रंग मळकट होतो. पक्का चहा हे थोडेफार झाकून नेतो, कच्चा मुळीच नाही. कच्च्यासाठी गाळणयंत्राचे किंवा साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी वापरावे, आणि ते मिळण्याची सोय नसेल तर निवड पक्क्याच्या बाजूने झाली असे समजावे.

करण्याची रीत सोपी आहे. चकती फोडायला पोती शिवण्याचा दाभण उत्तम. कडेने आडवा घालून थर उचलावा, वरून ठोकू नये. १०० ते १२० मिलिलिटर पाणी मावेल अशा झाकणाच्या पेल्यात ६ ते ७ ग्रॅम पान घ्यावे, उकळते पाणी ओतून लगेच फेकावे (पक्क्यासाठी दोनदा), आणि मग दहा-पंधरा सेकंदांत गाळत जावे. पुढे चव उतरेल तसा वेळ वाढवावा. पक्क्याला इतका सोपस्कारही लागत नाही. अर्धा लिटरच्या थर्मासमध्ये ३ ग्रॅम टाकून तो शेतावर नेला तरी दुपारपर्यंत तो कडू होत नाही. कच्च्याशी असा व्यवहार केल्यास तो काढाच होतो. वांग्याची भाजी आणि तुपात बुडवलेले रोडगे यांच्या जेवणावर पक्काच शोभतो. तथापि जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, कारण चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही, आणि घरात कोणाचे रक्त कमी असेल तर हे महत्त्वाचे आहे. झोपमोड दोन्हींनी होते.

पक्क्याच्या पदरात आणखी एक गोष्ट पडते. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताच्या शिनहुई भागात संत्र्याच्या सालीत पक्का चहा भरून वाळवतात, आणि आपले नागपुरी संत्रे त्याच जातकुळीतले आहे. वरूड, मोर्शी, काटोलच्या बागेतून न फवारलेले फळ मिळाले तर त्याच्या वाळलेल्या सालीचा नखाएवढा तुकडा पक्क्यात टाकून पाहावा. जुन्या कच्च्यात टाकणे म्हणजे पैसे बुडवणे.

ज्याला रोज प्यायचा आहे, पाहुण्यांना द्यायचा आहे आणि ठेवण्याची कटकट नको आहे, त्याने पाच ते दहा वर्षांचा पक्का घ्यावा. ज्याला महिन्यातून एखादी सकाळ या चहासाठी मोकळी ठेवता येते आणि चांगले पाणी मिळते, त्याने जुना कच्चा घ्यावा, पण आधी १० ते २५ ग्रॅमचा नमुना मागवून. दोन्ही नमुने आणून श्रावणातल्या एखाद्या सकाळी, हवा दमट आणि पोट हलके असताना, दोन सारख्या पांढऱ्या पेल्यांत शेजारी शेजारी करावेत. आधी कच्चा प्यावा, कारण पक्क्याचा जाडपणा जिभेवर बसला की मागून येणारी गोडी कळत नाही.