सड्यावर पवनचक्की: बाहेरून माती आणून झाडं लावायची, की खरवडलेला थर परत पसरायचा?

देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवर, पवनचक्क्या नव्या नाहीत. मनोरा उभा राहतो, क्रेन जाते आणि उघडा पडलेला कातळ उरतो. त्याचं करायचं काय?

पहिला मार्ग सोपा: डंपरने लाल माती टाकायची, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची. दोन वर्षांत हिरवंगार, फोटोही झकास. पण सड्यावर मुळात झाडोरा नसतोच. सावली आणि पालापाचोळा पडला की उन्हात वाढणारं गवत मरतं, मग गुरांनी खायचं काय?

दुसरा मार्ग कटकटीचा. जांभ्यावर माती असते जेमतेम चार बोटं, पण तिच्यातच दीपकाडीचे कांदे, सीतेच्या आसवांचं बी, म्हणजे सड्यावरच्या रानफुलांचं पुढचं पीक. दिवाळीनंतर हा थर खरवडून बुटक्या ढिगात ठेवायचा, पावसाआधी परत पसरायचा. नाहीतर पहिल्याच सरीत सगळं वहाळात. रस्त्याखाली मोऱ्या हव्यात, कारण पाणी अडलं तर एका बाजूला तळं आणि दुसरीकडे ठणठणीत. सपाट केलेल्या कातळातल्या खळग्या मात्र परत येत नाहीत, म्हणून मुळात खोदाईच कमी हवी.

स्कॉटलंडच्या दलदलींत पवनचक्क्या उभारताना वरची हिरवळ ओली ठेवून परत बसवतात, जुने चर बुजवतात. तिथली पीट माती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, वर्षाला साधारण 1 मिलिमीटर साठते. तिथे चर बुजवून पाणी धरायचं, इथे मोऱ्या ठेवून ते वाहू द्यायचं. पण वरचा थर जपायचा दोन्हीकडे.

माझं मत दुसऱ्याला. ग्रामपंचायतीने ना-हरकत देतानाच थर कुठे ठेवणार, हे लिहून घ्यावं.