वायफाय कॉलिंग आणि दोन सिम: जावळीतल्या घरात नऊ महिने

माझं माहेर जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला. मी साताऱ्यात राहते, आई-आप्पा गावी. गेल्या वर्षीपर्यंत आईला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "थांब, पडवीत येते." पावसात पडवीतही आवाज तुटायचा, मग ती डोक्यावर पोतं घेऊन अंगणात टाकीपाशी जाऊन बोलायची. आप्पांना बीपी आहे. रात्री काही झालं तर फोन लागेल ना, ही धास्ती मनातून जात नव्हती. मे महिन्यात दोघांच्या फोनची सेटिंग बदलली. त्याला नऊ महिने झाले, अख्खा पावसाळा त्यात निघाला, म्हणून आता लिहितेय.

गावात रेंजच नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडली की सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे ताकदीच्या मापात दिसतो; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. स्वयंपाकघरात उणे ११८ होता, पडवीत उणे ९८. वीसचा फरक म्हणजे ताकदीत शंभर पट. दगडी भिंती दीड हाताच्या, वर पत्रा, त्यातून लहरी आत येणार कुठून? म्हणजे रेंज दारापर्यंत येत होती, दाराच्या आत नव्हती. मग आत वेगळी वाट हवी.

ती वाट म्हणजे वायफाय कॉलिंग. भारतात ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून यायला लागली. ॲप लागत नाही, नंबर तोच, वेगळे पैसे नाहीत. फोन राउटरला जोडलेला असला की कॉल इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो. गावात केबलवाल्यानं फायबर, म्हणजे इंटरनेटची तार, आणली होती, ती घेतली. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं आणि कॉलसाठी पहिली पसंती वायफायला दिली. राउटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो; ५ चं स्वयंपाकघरात पोचेना, म्हणून दोघांचे फोन २.४ वर ठेवले. त्याचा वेग कमी, पण भिंत जास्त ओलांडतो. त्या संध्याकाळी आई चुलीपुढं बसून माझ्याशी बोलली. मागं भाकरी थापल्याचा आवाज मला साताऱ्यात स्पष्ट ऐकू येत होता. माझे डोळे भरून आले.

दुसरा बदल अगदी छोटा. आप्पांचा फोन अंधुक फाइव्ह-जी धरायचा, सोडायचा, परत धरायचा. नेटवर्क फोर-जीवर पक्कं केलं. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण ताकदीनं बोलतो आणि बॅटरी खातो. पूर्वी दुपारी चार्जिंगला लावावा लागायचा, आता रात्रीपर्यंत जातो.

दोन सिमचा फायदा मात्र मला जास्त झाला. सातारा-मेढा रस्त्यावर एका कंपनीची रेंज जिथं संपते, तिथून पुढं दुसरीची बरी आहे. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाईल, ही सेटिंग चालू केली. बदलायला थोडा वेळ घेतो, पण आता एसटीत बसून ऑफिसची कामं होतात. दुसऱ्या सिमचा रिचार्ज चालू ठेवावा लागतो, हा खर्च धरून चला.

आता त्रासाचं. जुलैत रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. राउटर चालू, वायफायच्या काड्या पूर्ण, इंटरनेट बंद. फोन त्या वायफायलाच चिकटून बसला. मी अकरा वेळा फोन लावला, शेवटी शेजारच्या काकूंना पाठवलं. दोघं जेवत होती, त्यांना काहीच पत्ता नव्हता. ते दोन तास मी कसे काढले, मलाच माहीत. वायफायवर नेट नसेल तर मोबाइल डेटावर जा, अशी सेटिंग त्या फोनमध्ये होती, पण बंद होती. ती आधीच तपासा, माझ्यासारखं नंतर नको.

वीज गेली की राउटर गेला, आणि आमच्याकडं पावसाळ्यात वीज जातेच. राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालवणारा बॅटरीचा डबा, मिळतो, तो घेतल्याशिवाय ही सगळी व्यवस्था अर्धवट समजा. फायबर ज्याला जोडलेली असते तो डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन पिना असलेला घ्या, आणि दोन्हीवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या. आमचा तीन तास तरी टिकतो.

बोलता बोलता आई बाहेर निघाली की उंबऱ्यापाशी अजूनही कधीकधी कॉल तुटतो. फोन वायफायला शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि टॉवरकडं वळायला उशीर करतो. यावर मला उपाय सापडला नाही. आईला सांगितलंय, बोलणं संपेपर्यंत आत बस.

एका दुकानदारानं सिग्नल बूस्टर, म्हणजे टॉवरचा सिग्नल वाढवणारं यंत्र, लावायला सांगितलं होतं. लावू नका. परवान्याशिवाय तो बेकायदा आहे, आणि त्याच्या लहरींच्या गोंगाटानं त्याच टॉवरवरच्या इतरांचे कॉल बिघडतात. आपल्या घरात आवाज यावा म्हणून वाडीतल्या दहा घरांचा का घालवायचा?

गोठा अजून राहिलाय. पहाटे धारेच्या वेळी आप्पा तिथं एकटे असतात आणि वायफाय तिथवर पोचत नाही. पडवीपर्यंत वायर ओढून दुसरा राउटर बसवतेय. मोजमाप झालंय, पंचवीस मीटर वायर लागेल.