आयव्हीपी आणि रेट्रोग्रेड पायलोग्राफी: कॉन्ट्रास्टच्या दोन वाटा

साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमयुक्त मुतखडा दिसतो, पण मूत्रवाहिनीची (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीची) पोकळी दिसत नाही. ती दिसावी म्हणून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे द्रव्य, द्यावे लागते आणि ते कोणत्या वाटेने दिले यावर तपासणीचे स्वरूप ठरते.

आयव्हीपीमध्ये (इंट्राव्हेनस पायलोग्राफीमध्ये) कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतून देतात. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून लघवीत उतरवतात, त्यामुळे ठरावीक मिनिटांनी काढलेल्या फिल्म ओळीने लावून पाहिल्या की रचनेबरोबर कार्यही कळते: निरोगी बाजू वेळेवर उजळते, अडथळ्याची बाजू रेंगाळते आणि खड्याच्या वरची मूत्रवाहिनी फुगलेली दिसते. माझ्या मते हेच या तपासणीचे खरे मोल आहे. मात्र रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले, असेल तर चित्र फिके येते, शिवाय कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता असते. आयोडीन कॉन्ट्रास्टची पूर्वीची ॲलर्जी तर आधीच सांगायला हवी.

रेट्रोग्रेड पद्धत त्याहून जुनी, १९०६ सालची. तिच्यात सिस्टोस्कोप (मूत्राशयाच्या आत पाहण्याची दुर्बीण) मूत्राशयात नेऊन मूत्रवाहिनीच्या तोंडातून बारीक कॅथेटर, म्हणजे नळी, सरकवतात आणि कॉन्ट्रास्ट खालून वर सोडतात. मूत्रपिंड काम करत नसले तरी पोकळी स्पष्ट भरते, कॉन्ट्रास्ट रक्तात फारच थोडे शोषले जाते आणि गरज पडल्यास त्याच बैठकीत स्टेंटही (वाट मोकळी ठेवणारी नळी) घालता येतो. पण भूल बहुधा द्यावी लागते, जंतुसंसर्गाचा धोका राहतो आणि मूत्रपिंडाच्या कार्याविषयी ही तपासणी काहीच सांगत नाही.

आयव्हीपीची जागा आता बहुतांशी सीटी युरोग्राफीने (कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या मूत्रमार्गाच्या सीटी स्कॅनने) घेतली आहे. रेट्रोग्रेडचे स्थान शस्त्रक्रियागृहात अजून टिकून आहे.