बाळाच्या कोपऱ्यासाठी कागदकाम: खोल चौकट, क्विलिंगचं नाव की चिमणाळं?

तिन्ही वस्तू कागदाच्याच, पण त्यांचं आयुष्य वेगवेगळं. पाळण्यावरचं कागदी चिमणाळं, म्हणजे वर टांगायचं झुलतं खेळणं, चार-पाच महिन्यांचं पाहुणं. पेटीसारख्या खोल चौकटीत थरावर थर लावून केलेलं कागदकापणीचं चित्र मूल शाळेत जाऊ लागलं तरी भिंतीवर शोभतं. क्विलिंगमधलं, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेलं नाव तितकंच टिकतं, पण ते वेळेत होत नाही. नाव बाराव्या दिवशी, बारशाला ठरतं आणि पुढचे दोन-तीन महिने घरात कुणाला सलग तासभरही मोकळा मिळत नाही. त्यामुळे क्विलिंग आई-बाबांनी अंगावर घेऊ नये. नाव ठेवणाऱ्या आत्यानंच ते करून आणावं. घरच्यांनी आधीपासून हातात घ्यायचं तर चौकट.

चिमणाळ्याला पहिली अडचण छताच्या पंख्याची. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाच्या १० सेंमी चौकोनातून घडी घातलेल्या पक्ष्याचं वजन ०.७ ग्रॅम, म्हणजे बारा पक्षी मिळून साडेआठ ग्रॅमही भरत नाहीत. पंखा दोनवर ठेवला तरी दोरे एकमेकांत अडकतात. पाती फिरणाऱ्या वर्तुळाच्या बाहेरची जागा मिळत असेल तरच हा बेत करा. दुसरी चूक जवळपास सगळेच करतात: पक्षी बाजूनं सुरेख दिसतात, बाळाला मात्र खालून नुसती पोटं दिसतात. पहिल्या दोन महिन्यांत फिके गुलाबी-आकाशी रंग बाळाला फारसे वेगळे कळतही नाहीत. म्हणून घडीच्या पक्ष्यांऐवजी ८ ते १० सेंमी व्यासाच्या जाड कागदाच्या चकत्या आडव्या टांगा आणि त्यांच्या खालच्या बाजूला काळे-पांढरे ठळक पट्टे चिकटवा. भरतकामाची २० सेंमीची लाकडी रिंग, ती टांगायला समान अंतरावर तीन दोरे आणि पाच-सहा चकत्या एवढं पुरतं. आडव्या राहण्यासाठी प्रत्येक चकतीलाही तीन भोकं लागतात, एकाच दोऱ्यावर ती कलंडते. नायलॉनच्या दोऱ्याची गाठ सरकते, सुती दोरा घ्या. गाठीपाशी मणी नको. सुटला तर तो थेट बाळाच्या तोंडात जाईल.

टांगायला छतात स्क्रूचा हुक हवा. डिस्टेंपरवर चिकटवलेला हुक रंगाचा पोपडा घेऊन खाली येतो. झुलणाऱ्या पाळण्याच्या दांडीला बांधलं तर प्रत्येक झोक्याला दोरे गुंततात.

क्विलिंगचं अवघडपण गुंडाळ्यांत नसून देवनागरीत आहे. बाजारातले साचे बहुतेक इंग्रजी अक्षरांचे. आपल्याला अक्षर संगणकावर साधारण ४०० पॉइंटात छापून ते माउंट बोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) उतरवून घ्यावं लागतं. वळणं पट्टी आपोआप घेते, शिरोरेषा मात्र मध्येच पोट काढते. सरळ रेषेसाठी ५ मिमीच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून, मोजपट्टीच्या आधारानं सुकवून मगच उभ्या करा. ‘ईरा’ किंवा ‘मीरा’ एका सुट्टीत होईल, ‘श्रीवर्धन’ला चार लागतील. आतल्या भरावाला ३० सेंमीची पट्टी सैल गुंडाळली की साधारण १२ ते १५ मिमीची गुंडाळी मिळते. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढाच घ्यायचा. जास्त झाला की कडेला चकाकी येते आणि ती जात नाही. हे काम उघडं लावू नका, वेटोळ्यांत बसलेली धूळ पुसता येत नाही. म्हणजे शेवटी यालाही खोल चौकट लागतेच, आणि चौकटीचा खर्च वाचत नाही.

आता चौकटीचं काम. ए४ आकार, पाच थर. थरांमध्ये ३ मिमीची फोम टेप लावली तर चार फटींचे १२ मिमी, कागदांचा एक-दीड मिमी आणि पुढच्या ॲक्रिलिकपासून थोडं अंतर, असा हिशेब धरून आतली खोली किमान १८ ते २० मिमी हवी. बाळाच्या खोलीत पुढे काच नको, ॲक्रिलिकच घ्या. प्रत्येक थराला चहूबाजूंनी २ सेंमी कड राखा. झाडाची फांदी, चंद्राची कोर असं जे काही त्या कडेला जोडून ठेवायचं त्याचा सांधा ३ मिमीपेक्षा बारीक नको. तो कापताना तगला तरी पावसाळ्यात वाकतो. कापताना आधी आतली लहान भोकं, मग मोठी आणि बाहेरची रेघ सर्वांत शेवटी. उलट क्रमानं गेलात की कागदाला आधार उरत नाही आणि तो पात्याबरोबर सरकतो. फोमचे तुकडे नुसते कोपऱ्यांत लावून भागत नाही. मधल्या फांदीखालीही एक तुकडा लपवा, नाहीतर ती महिनाभरात पुढे झुकते. थर जोडताना पातळ गोंद टाळा. ओलाव्यानं कागद एका बाजूनं फुगतो आणि वाटीसारखा वळतो.

कागद कोणता? बारीक कापणीसाठी २०० ते २२० जीएसएमचा गुळगुळीत कार्डपेपर. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद बनतो. तसा हातकागद दिसायला देखणा, पण लांब तंतूंमुळे पात्यापाशी लव सुटते. तो मागच्या थराला वापरा, किंवा हातानं फाडून डोंगर आणि ढग करा. फाटलेली कडच तिथे शोभते. यंत्राच्या कागदासारखी त्याला एकाच दिशेची वीण नसते, त्यामुळे तो एकाच अंगानं वळतही नाही. घोटीव कागद तिन्ही कामांत टाळा, ओला हात लागला की रंग सोडतो.

बाइंडिंगवाल्याकडून खळ आणणार असाल तर आधी विचारून घ्या. कागद खाणारी कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि तो विषारी असतो.

चौकट आणि नाव दोन्ही पाळण्याच्या डोक्यावर नको, समोरच्या आतल्या भिंतीवर लावा. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीला जुलैत ओल येते आणि चौकटीची मागची बाजू बुरशी धरते. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तर हवा खेळती राहते. पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तर गुलाबी आणि जांभळा आधी विटतात. चिमणाळं मात्र बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं की त्याच दिवशी उतरवायचं. तोवर पाच महिने झाले असतील तर उठण्याचीही वाट पाहू नका.