पोस्टक्रॉसिंग करू की जुनी पोस्टकार्डं विकत घेऊ?

अमळनेरचा भाचा विचारतोय, मामा, देशोदेशीची पोस्टकार्डं जमवायचीयेत, पोस्टक्रॉसिंगला नाव टाकू की जुनी कार्डं विकत घेऊ?

आधी खर्च. पोस्टक्रॉसिंग म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांना पोस्टकार्डं पाठवायची आणि त्यांच्याकडून मिळवायची वेबसाइट, २००५ ला पोर्तुगालमधून सुरू झाली, नाव टाकायला पैसे नाहीत पण कार्ड आणि परदेशी टपालाचं तिकीट तुझ्याच खिशातून, सुरुवातीला एकावेळी ५ च कार्डं पाठवता येतात आणि तुझं कार्ड तिकडे पोचून नोंदवलं गेलं की मग तुझा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी मिळतो. कार्डावर आयडी, म्हणजे साइट त्या कार्डाला देते तो नंबर, नीट लिही बरं, त्यावरूनच ते नोंदवतात. जुन्या कार्डाला विकणारा सांगेल तो भाव.

वाट बघायची तयारी? पोस्टक्रॉसिंगला लागतेच, जुन्यात पैसे टाकले की झालं.

पण कार्ड कुठलं, कधीचं हे शोधायची मजा जुन्यातच रे. पोस्टक्रॉसिंगवाला बहुतेक वेळा स्वतःच सगळं लिहून पाठवतो. जुन्यात मागची बाजू बघायची, ब्रिटनमध्ये १९०२ पासून तिथे पत्ता आणि मजकूर दोन्ही चालू लागलं, त्याआधी फक्त पत्ता, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला दिसतो. अमेरिकेत हेच १९०७ ला. मग शिक्का, तिकीट, छापणाऱ्याचं नाव. चित्र मुंबईचं असलं तरी छपाई जर्मनीची निघू शकते!

टिकायचं म्हणशील तर दोन्ही कागदच, आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नको आणि पीव्हीसीची स्वस्त कव्हरं टाळ.

अनोळखी लोकांशी गप्पांची हौस असेल तर पोस्टक्रॉसिंग. इतिहासाची खाज असेल तर जुनी, थोडीच घे पण शिक्का वाचता येईल अशी.