दहा महिने एडमंटन वापरून: कचरा, शाळा, बर्फ आणि बादलीभर वाळू

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही नाशिकहून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरात आलो. मिल वुड्स भागात भाड्याचं घर, मुलगी दुसरीत, मुलगा पाच वर्षांचा. निघताना जो तो थंडीबद्दलच विचारत होता. शहर कसं चालतं, हे कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. दहा महिने झाले, आता मीच सांगतो.

कचऱ्यापासून सुरुवात. घंटागाडीचं गाणं ऐकलं की डबा घेऊन पळायची सवय असलेल्या माणसाला इथे आधी कॅलेंडर पाठ करावं लागतं. हिरव्या डब्यात खरकटं, काळ्यात बाकीचा कचरा, निळ्या पिशवीत कागद-प्लास्टिक. ही व्यवस्था 2021पासूनची. काळा डबा दोन आठवड्यांतून एकदाच उचलतात. हिरवा उन्हाळ्यात दर आठवड्याला, हिवाळ्यात तोही दोन आठवड्यांनी. सप्टेंबरात मी आठवडा चुकवला आणि महिनाभराचा कचरा घरात सांभाळला. चूक माझीच. तेव्हापासून फ्रिजवर कालनिर्णयशेजारी हेही कॅलेंडर लटकतंय.

शाळेबद्दल आधी एक गोष्ट कळायला वेळ लागला. अल्बर्टात पब्लिक आणि कॅथलिक अशी दोन्ही शाळामंडळं सरकारी पैशावर चालतात. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटच्या हिशेबाने मी फीचा अंदाज बांधत बसलो होतो, तो फुकट गेला. पत्त्यावरून जवळची शाळा ठरते, पण अरबी, चिनी, स्पॅनिश, युक्रेनियन अशा द्विभाषिक वर्गांचे पर्यायही आहेत. युक्रेनियनचे वर्ग तर 1974पासून चालू आहेत. मराठीचा वर्ग निघायला किती पोरं लागतील, याचा हिशेब मी उगाचच एकदा करून पाहिला. दाखल्याच्या धावपळीत एका कार्यालयाने आमचे कागद दोनदा हरवले, नाव घेत नाही. तेवढं सोडलं तर तक्रार नाही. उणे 15 असलं तरी मधल्या सुट्टीत पोरांना मैदानात सोडतात, हे पचायला आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर दोन महिने लागले. पोरांना दोन दिवस.

वाचनालय बिनतक्रार. शहरात राहणाऱ्याला सभासदत्व फुकट. डाउनटाउनच्या मिलनर शाखेत शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळतात. या वाचनालयाला 2014 साली ‘लायब्ररी ऑफ द इयर’ मिळालं, कॅनडातलं पहिलंच. मिल वुड्सहून तिथे जायला व्हॅली लाइनची ट्रेन आहे. ही जवळजवळ तीन वर्षं रखडून नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झाली. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आता बर्फ. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं हे घरात राहणाऱ्याचं काम, महापालिकेचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे भाषांतरात चुकलंय असं वाटलं. गल्लीतला बर्फ काढायला यंत्र येतं तेव्हा रस्त्यावरून गाडी हलवायची, तीही मी एकदा विसरलो आणि दंड भरला. पण महापालिका निसरड्यावर टाकायला वाळू फुकट देते. ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात, बादली न्यायची, भरून आणायची. पसरायची मात्र आपण. डिसेंबरात उणे 28 असताना मी प्लास्टिकची बादली घेऊन गेलो. वरचा थर गोठून दगड झालेला. मी हातमोज्याने खरवडत होतो, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, छोटं लोखंडी फावडं त्यांनी उभं धरून दोनदा आपटलं, खालची मोकळी वाळू वर आली. आधी माझी बादली भरली, मग स्वतःची.

ते आमच्या कम्युनिटी लीगचे निघाले. कम्युनिटी लीग म्हणजे आपलं गल्लीचं मंडळ समजा, वर्गणीसकट, फक्त गणपती नाही. पहिली लीग 1917 साली निघाली, आज शहरात दीडशेहून जास्त आहेत. आमच्या लीगची स्केटिंगची रिंक हे लोक रात्री स्वतः तयार करतात. मीही तीन रात्री गेलो. एकदम पाणी सोडायचं नाही. पातळ थर द्यायचा, गोठू द्यायचा, मग पुढचा. आजी अंगण सारवायची तसं, एका बाजूने मागे मागे सरकत. पाइप कधी जमिनीवर ठेवायचा नाही, नाहीतर तिथेच चिकटतो. पहिल्या रात्री माझ्या हातून एक कोपरा उंचवटा होऊन राहिला. मुलगी अजून ‘बाबांचा डोंगर’ म्हणते.

पाचपैकी किती, असं विचारलं तर चार. सगळं करून मिळेल अशी अपेक्षा असेल तर तीनच द्याल. अर्धं काम आपल्यावर आहे हे कुणी आधीच सांगितलं असतं तर मी पहिल्या महिन्यात इतका चिडलो नसतो.

एप्रिलच्या शेवटी बर्फ गेला आणि फुटपाथवर हिवाळाभराची वाळू उघडी पडली. झाडणारा ट्रक गल्लीत यायच्या आधी ती रस्त्यावर लोटायची असते. महापालिका ती गोळा करून धुते आणि पुन्हा वापरते. मग काय, भारतीय दुकानातून खराटा आणला आणि डिसेंबरात बादलीने आणलेली वाळू रविवारी सकाळी परत रस्त्यावर लोटली. पलीकडून म्हातारबाबा बघत होते. खराटा हातात घेऊन पाहिला आणि कुठे मिळतो ते विचारलं.